चौदा नंबरची पिशवी

घरी मी सांगितलं, की मोरेश्वरची मुलगी जहाजावर नोकरीला निघाली आहे, तिला इमर्शन सूट घालायला शिकवून चार दिवसांत परत येतो. हे खोटं नव्हतं. पण नाशिकहून सुटलेली एसटी जव्हारचा घाट उतरत होती, तेव्हा माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. मोरेश्वर तांडेलच्या गावात, त्याच्या माणसांसमोर, त्याच्याच तोंडून मला एक वाक्य ऐकायचं होतं: "मला हे देवरेसाहेबांनी शिकवलं." सोळा वर्षं मी त्या वाक्यासाठी थांबलो होतो.

ज्यांचा समुद्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. थंड समुद्रात जहाज बुडायला लागलं, तर माणूस बुडायच्या आधी गारठूनच जातो. म्हणून जहाजावर प्रत्येकासाठी एक नारिंगी रबरी सूट पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. पायमोजे, हातमोजे, टोपी, सगळं एकसंध शिवलेलं. पोटापासून हनुवटीपर्यंत एक जाड चेन. कुणाच्या मदतीशिवाय दोन मिनिटांच्या आत तो अंगात चढला पाहिजे, असा नियम आहे. खोलीत ऐकायला हे सोपं वाटतं. कललेल्या डेकवर, भोंगा वाजत असताना, दोन मिनिटं फार थोडी असतात.

त्या मालवाहू जहाजावर मी थर्ड ऑफिसर होतो, म्हणजे जीव वाचवायच्या सगळ्या साधनांची देखभाल माझ्याकडे. मोरेश्वर सारंग होता, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दर आठवड्याला मी सगळ्यांना डेकवर बसवून सरावाचा वेगळा सूट आळीपाळीनं चढवायला लावायचो; ज्याचा त्याचा सूट पिशवीतच राहायचा. माझा करार संपला, उत्तरेकडच्या एका गारठलेल्या बंदरात मी उतरलो, माझ्या जागी दुसरा आला. नऊ दिवसांनी वादळात त्या जहाजात पाणी शिरलं. जहाजावरचे बावीसच्या बावीस जण वाचले. पेपरात मोरेश्वरचा फोटो आला: 'सारंगाने सगळ्यांना सूट चढवले, थंडीत स्वतःची तीन बोटे गमावली.'

तो पेपर मी घरी खुर्चीत बसून वाचला. माणसं वाचली याचा आनंद झाला. त्याच्या मागोमाग वाटलं, शिकवलं मी आणि फोटो त्याचा; ते वाटणं तेव्हापासून गेलेलं नाही. मी पुन्हा जहाजावर गेलो नाही. नाशिकजवळच्या एका संस्थेत मुलांना हेच सूट घालायला शिकवतो. छप्पन्न सेकंदांत घालून दाखवतो, मुलं टाळ्या वाजवतात. पण पोहण्याच्या तलावाच्या काठावर वाजलेल्या टाळ्या त्या, त्यांचं काय घेऊन बसायचं.

पामच्या पुढे

पालघर स्टेशनबाहेर मोरेश्वरची मुलगी किमया स्कूटर घेऊन उभी होती. बावीस वर्षांची, उंच, कमरेच्या खाली पोचणारी जाड वेणी. माझ्या हातातली सुटाची अवजड पिशवी तिनं पायाशी ठेवली आणि म्हणाली, "काका, बाबांनी कालपासून तुमच्यासाठी पापलेट राखून ठेवलंय. कुणाला हात लावू देत नाहीत."

बोईसरच्या कारखान्यांचा वास नाकात भरला, मग मागे पडला. पाम गाव ओलांडल्यावर हवा खारट झाली. मोरेश्वरचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. वळणावर मी किमयाला घर कुठलं असं विचारलं, तर ती उत्तर द्यायच्या आधीच बोंबील उलटणारी एक बाई ओरडून म्हणाली, "सारंगांचे पावने ना? ते बगा, निळं घर!"

गावात तो सारंगच होता. सोळा वर्षांनंतरही. माझ्या कॉलनीत मला 'तळमजल्यावरचे देवरे' म्हणतात.

मोरेश्वर दारात आला. केस पिकलेले, पण खांदे तेच. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. डाव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच उरलेलं.

"साहेब, किती वर्षांनी आलात! जेवलात?"

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथं दुपारचे चार वाजले असले तरी 'जेवलात?' हाच पहिला प्रश्न, आणि जेवलो म्हटलं तरी ताट येतंच. मोरेश्वरच्या बायकोनं, जयवंतीवहिनींनी, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, ओल्या बोंबलाचं कालवण आणि ते राखून ठेवलेलं पापलेट तळून वाढलं. आम्ही घाटावरची माणसं मासा खातो ते काट्याच्या भीतीनं, चिमटीत धरून. मोरेश्वर त्या दोन बोटांच्या हातानं भाकरी दाबून धरायचा आणि उजव्या हातानं बोंबलाचा काटा एका ओढीत बाहेर काढायचा. घर, बायको, मुलगी, अंगणातून दिसणारा समुद्र. मी जेवत होतो आणि एकेका गोष्टीवर माझी नजर अडकत होती.

संध्याकाळी ओट्यावर गावातली सात-आठ माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "सारंग, ती गोष्ट सांगा ना. पावन्यांनाबी ऐकू दे." मी सरसावून बसलो.

मोरेश्वरनं पाच मिनिटांत सांगून टाकलं. जहाज कललं, बत्ती गेली, पिशव्या आणल्या, एकेकाला बसवून सूट चढवला, तराफ्यात उतरलो, सकाळी दुसऱ्या जहाजानं उचललं. माझं नाव आलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "सूट कसा घालायचा, ते मीच शिकवलं होतं या सगळ्यांना."

"व्हय, साहेबांनीच शिकवलं," मोरेश्वर लगेच म्हणाला.

म्हणाला, अगदी हवं होतं ते. पण त्याच क्षणी वहिनी चहा घेऊन आल्या, माणसं कपांकडे वळली आणि कुणीतरी विचारलं, "न मग त्या दुसऱ्या जहाजावर तुमाला जेवायला काय दिलं?" सोळा वर्षं जपलेलं वाक्य आलं आणि चहाच्या वाफेबरोबर गेलं.

केळवे

दुसऱ्या दिवशी केळव्याला गेलो. तिथं नारळी-पोफळीच्या वाडीत उतरण्याची सोय असलेली एक जागा आहे, तिच्या मालकानं तलाव वापरायला दिला होता. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात. आज दोनच कुटुंबं होती. सुपारीच्या झाडांमधून कोवळं ऊन, शेजारी आडोशाला ताडगोळे सोलणारी बाई. इतक्या सुंदर ठिकाणी रबरी सूट घालून घाम गाळणारे आम्हीच.

किमयाला सूट येत होता, पण वेळेत नाही. पहिल्यांदा तिला तीन मिनिटांच्या वर लागली. पाय नीट गेले, डावा हात गेला, आणि टोपी डोक्यावर ओढली की ती थबकायची. वेणी टोपीत मावत नव्हती, मानेशी गोळा होत होती, चेन तिथं येऊन अडायची.

"टोपी घातली की काही ऐकूच येत नाही, काका. असं वाटतं, कुणीतरी हाक मारतंय आणि मला कळत नाहीये."

मोरेश्वर तिच्यासमोर उकिडवा बसला होता. तो चेन धरायला हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. शेवटी उठून वाडीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

मी तिला म्हणालो, "आता माझ्याकडे बघ." सूट जमिनीवर पसरला, बसलो, पाय घातले, गुडघ्यांवर आलो, डावा हात, मोकळ्या उजव्या हातानं टोपी, मग उजवा हात, चेनची पट्टी धरून मान मागे टाकून एका ओढीत वर. सत्तावन्न सेकंद. त्या दोन कुटुंबांतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोरेश्वर लांबून बघत होता. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी तसाच पाण्यात उडी मारली.

सूट घातल्यावर खाली उकिडवं बसून, गळ्याशी फट करून आतली हवा काढायची असते, ही गोष्ट मी दर वर्गात तीनदा सांगतो. ती न काढता उडी मारली, तर सगळी हवा पायांत जाते. माझे पाय फुग्यासारखे वर आले आणि डोकं खाली गेलं. रबरी हातमोज्यांत काही धरता येईना. नाकात पाणी गेलं. वर्गात सांगतो ती एकही गोष्ट त्या क्षणी आठवली नाही.

मग कुणीतरी माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर वजन टाकून त्या खाली दाबल्या, दंडाला धरून मला सरळ केलं. मोरेश्वर अंगातल्या शर्ट-पँटसकट पाण्यात होता.

"खोकून टाका, साहेब. खोका."

मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. या वेळी माझ्यासाठी नाही. काठावर बसून मी खोकत होतो आणि ज्यानं मला वाचवलं त्याच्यावरच जळत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

मग त्या दिवशी खरं शिकवण्याचं काम जयवंतीवहिनींनी केलं. डबा घेऊन त्या मागाहून आल्या होत्या. मुलीची वेणी बघून म्हणाल्या, "डोक्यावर मासळीची पाटी घेताना आमी केस असे ठेवतो काय?" त्यांनी वेणी गुंडाळून मानेच्या पार खाली बसवली आणि वर फडकं घट्ट बांधलं. टोपी सपाट बसली. मी किमयाला सांगितलं, की टोपी घातल्यावर कुणाची हाक ऐकायची नाही, फक्त स्वतःचा श्वास मोजायचा. पाचव्या श्वासाला चेन वर आली पाहिजे. संध्याकाळपर्यंत ती दोन मिनिटं दहा सेकंदांवर आली. दहा सेकंद उरले.

बोईसर

माझ्या उडीत सुटाच्या चेनचा एक दात वाकला होता. तिसऱ्या दिवशी मी आणि मोरेश्वर ती नीट करायला बोईसरला गेलो. बाजाराच्या एका गल्लीत बॅगा दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा बसतात. त्यांनी सूट उलटसुलट करून पाहिला.

"ये किसका कपडा है भाई? आदमी का के मछली का?"

मोरेश्वर हसला. "दोनोंका."

चाचांनी पक्कडीनं दात सरळ केला आणि मेणबत्तीचा तुकडा चेनवर घासायला लागले. मोरेश्वरचा अंगठा त्यांच्या हातामागोमाग चेनवर हळूहळू फिरत होता. त्याचं काल किमयासमोरून उठून जाणं मला आठवलं. मी विचारलं, "मोरेश्वर, तुमची बोटं थंडीनं गेली, एवढंच मी वाचलं होतं. सूट असताना हात कसा उघडा राहिला?"

तो चाचांकडे बघतच म्हणाला, "आमचा भंडारी होता ना, जेवण बनवणारा, जाडा, तुमी त्याला ओळखता. त्याच्या सुटाची चेन पोटावरच अडकली. खारानं दात चिकटले होते. खाली जाईना, वर येईना. तो रडायला लागला. मी माजा सूट काढून त्याला दिला न त्याचा मी घातला. डावा हात बाहीत घातलाच नाय. त्या हातानं फट दाबून धरली, सकाळपर्यंत."

मला पुढचं कळलं होतं. तरी मी विचारलं, "कितव्या नंबरची पिशवी?"

"चौदा. पिशवीच्या चिठ्ठीवर तुमची सही होती, साहेब. तपासलं म्हणून."

गल्लीतून एक टेम्पो गेला. चाचा मेण घासत होते.

"चौकशीत सांगितलं नाहीत?"

"नाय. कशाला? सांगून बोटं आली असती काय? एक पिशवी माणसाच्या हातून राहते. बाकी एकवीस तुमी उघडून बगितल्या, त्या चालल्या ना. मी मनात हाच हिशोब धरला."

तिथं मी गप्प राहू शकलो असतो. सोळा वर्षं त्यानं माझ्यासाठी जी जागा ठेवली होती, तिच्यात मी आरामात बसू शकलो असतो. पण त्या माणसाच्या मनाचा मोठेपणासुद्धा मला सहन होईना. मी होतो त्यापेक्षा चांगला माणूस तो मला समजत होता. मी म्हणालो, "मी एकही उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं, सामान भरायचं होतं. केबिनमध्ये बसून बावीस चिठ्ठ्यांवर सह्या केल्या."

मोरेश्वरचा अंगठा चेनवरून उचलला गेला.

"एकपण नाय?"

"एकही नाही."

"हे मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. एवढंच. चाचांनी सूट घडी करून दिला, मोरेश्वरनं तो खांद्यावर घेतला आणि चालायला लागला. घरी जेवताना माझ्या ताटात मासा वाढला गेला, पण 'अजून घ्या' असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. वहिनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवून बॅग भरली.

बोटीवर

सकाळी मोरेश्वर माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. "साहेब, भरती हाय. बोटीवर चला. पोरीला आज समुद्रात उतरवायचीय."

"मी निघतो म्हणत होतो."

"आदी तिला सांगा. मला काल सांगितलंत, ते सगळं तिला सांगा. मग जावा."

किनारा मागे पडला. अणुकेंद्राच्या इमारती लांब, फिक्या दिसत होत्या. वारा बेताचा, पाणी गढूळ हिरवं. मोरेश्वरनं इंजिन बंद केलं आणि सुकाणूपाशी पाठ करून बसला. किमया फडकं बांधून तयार होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. केबिन, बावीस सह्या, चौदा नंबर, भंडारी, तिच्या बाबांचा हात. कमी केलं नाही, सजवलंही नाही.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाबांच्या पाठीकडे बघत होती.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबा आले तेव्हा मी त्या हाताला घाबरायचे. त्यांना हात लावू द्यायचे नाही. किती दिवस."

मोरेश्वर वळला नाही.

"काका, घड्याळ धरा," ती म्हणाली.

बोट हलत होती. तिनं सूट पसरला, आधी चेन खाली-वर करून पाहिली, कड तपासली. मग म्हणाली, "चालू." पाय, गुडघे, डावा हात, टोपी. टोपीशी ती थांबली नाही. तोंडानं श्वास मोजत होती, ते मला दिसत होतं. उजवा हात, मान मागे, चेन वर. उकिडवी बसली, गळ्याशी फट करून हवा सोडली, तोंडावरची पट्टी लावली आणि एक पाऊल पुढे टाकून पाण्यात गेली. उताणी, सरळ तरंगत. नारिंगी, समुद्रावर एकटी.

"किती?" मोरेश्वरनं विचारलं. आता तो उभा होता.

"एक मिनिट एकेचाळीस."

त्यानं दोर फेकला. एका धडधाकट हातानं आणि एका अर्ध्या हातानं तो मुलीला ओढत होता, मीही दोर धरला. काठाशी आल्यावर तिनं हातमोजा घातलेला हात वर केला आणि त्याचा डावा हात पकडला. मुद्दाम डावा. तो रडत होता, लपवतही नव्हता. मला मुलगी नाही. असली असती, तरी तिनं धरावा असा हात माझ्याकडे नव्हता. मी दोर गुंडाळत राहिलो.

बोईसर स्टेशनवर मला सोडायला मोरेश्वर एकटाच आला. किमया घरीच थांबली. माझ्याशी बोलायला तिला अजून जमत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. वहिनींनी मात्र सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली होती. गाडी आली तेव्हा मोरेश्वर म्हणाला, "राग हाय, साहेब. जाईल का नाय, माहीत नाय. पन सांगितलंत, ते बरं केलंत." मी मान हलवली. पुडी सांभाळत गाडीत चढलो.

नाशिक

परत आल्यावर दीड महिना तिकडून काहीच आलं नाही. मग एके दुपारी तास संपवून बाहेर आलो, तर फोनवर एक फोटो होता. कुठल्यातरी परदेशी बंदरात उभ्या जहाजाचा डेक, त्यावर ओळीनं पसरलेले नारिंगी सूट, सगळ्यांच्या चेन उघड्या. खाली लिहिलं होतं: 'काका, चोवीसच्या चोवीस पिशव्या उघडल्या. दोन चेन अडकत होत्या. मेण लावलं, आता चालतात. किमया.'

मी तो फोटो मोठा करकरून एकेक चेन बघितली.

संध्याकाळी मोरेश्वरचा फोन आला. "साहेब, पोरीनं तुमाला फोटो पाठवला म्हणे?"

"हो. तुम्हाला आला असेलच."

"मला नाय आला! मला काय पाठवलं, ठावं हाय? जेवणाचा फोटो. भात न कसली ती उसळ. बापाला उसळ, न साहेबांना डेक!" तो खरोखरच चिडला होता. "काय काय दिसतं त्यात? सांगा तरी."

आयुष्यात पहिल्यांदा मोरेश्वर तांडेलला माझा हेवा वाटत होता. मला वाटलं होतं, हा क्षण आला तर मी तो पुरवून पुरवून चाखेन. पण मी त्याला म्हणालो, "फोन ठेवा. आत्ता पाठवतो."